उजवीकडची जागा

“अरे वा, तुझी कविता आली की!” बायको दारातून म्हणाली, आणि आरशासमोर अर्ध्या गालाला साबण लावून उभा असलेला तो तसाच थिजला. कारण कविता यायचीच नव्हती. यायची होती कथा. अकरा वर्षं लिहून, फाडून, पुन्हा लिहून एकदाची हातातून सुटलेली, आयुष्यातली पहिली कथा. त्याने ओल्या हातांनीच मासिक ओढून घेतलं. पान सत्तेचाळीस. नाव त्याचंच होतं, शीर्षकही त्याचंच, ‘खाली औषधाचं दुकान’, आणि त्याखाली त्याची कथा डाव्या कडेला पाठ टेकून लांबच लांब खाली उतरत गेली होती. उजवीकडे सगळं कोरं. एका ओळीत चार शब्द, दुसरीत दोन, आणि एका ओळीत तर नुसतंच ‘आणि’. ‘आणि’ला स्वतंत्र ओळ देण्याचा पोरकटपणा त्याने विशीतही केला नव्हता. त्याने पान उलटलं, पुढचं उलटलं. बाराच्या बारा पानं तशीच. “बरीच मोठी आहे,” बायको म्हणाली, “पण छान वाटतेय. हवेशीर.” “ती कथा आहे,” तो म्हणाला. बायकोने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पानाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, गालावरच्या साबणाकडे बघितलं. “तू म्हणतोस तर असेल,” ती म्हणाली आणि चहा गाळायला निघून गेली.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर तो पोट धरून हसला असता. चार मित्रांना फोन करून सांगितलंही असतं, कारण तो तसा हसरा माणूस होता. दिवसभर लोकांना चष्म्याचे नंबर काढून देणारा आणि उरलेल्या वेळात कविता करणारा माणूस हसरा नसेल तर त्याचं कठीण असतं. पण आज त्याला हसू येईना. कारण ह्या अंकाची एक प्रत त्याने संपादकबाईंना सांगून परस्पर दादाकडे पाठवायची व्यवस्था केली होती, आणि आगाऊपणा असा की चार दिवस आधी दादाला वेगळं पत्रही टाकलं होतं. ‘दादा, या वेळी कविता नाही. सरळ कथा आहे. ओळी शेवटपर्यंत जातात. आणि यात दोन माणसं आहेत.’ म्हणजे आता, ह्याच घटकेला, तीन रस्ते पलीकडच्या घरात, दादा ते पत्र एका हातात आणि हे मासिक दुसऱ्या हातात घेऊन बसला असणार. आणि दादाला चेष्टा कळत नाही असं नाही, पण ती आपलीच चाललीय असा संशय त्याला फार लवकर येतो.

दादा पस्तीस वर्षं एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे कापायच्या मशीनवर होता. कोरा कागद वाया गेलेला त्याला बघवत नसे. घरात त्याने कधी वही विकत आणली नाही. पाकिटं उलटी करून, कॅलेंडरची पानं चौकोनी कापून, आमंत्रणपत्रिकांच्या पाठीवर तो याद्या करी. वर्तमानपत्राच्या समासातसुद्धा ‘गॅस आज लावला’, ‘नळवाला येतो म्हणाला, आला नाही’ असं बारीक पेन्सिलीने लिहिलेलं सापडे, आणि वहिनी रद्दी देताना आधी तो मजकूर वाचून घेई. अशा माणसाच्या हातात धाकट्या भावाने आपला पहिला कवितासंग्रह मोठ्या भक्तिभावाने ठेवला होता. दादाने तो अंगठ्याने फर्रकन उलटला, जाडी बघितली, कागदाला बोट लावून पाहिलं. “कागद चांगला वापरलाय,” तो म्हणाला. “पण अर्धा कोराच सोडलाय की रे छोट्या.” त्यावर तेव्हा किती हसले होते सगळे! आईसुद्धा हसली होती, तोंडावर पदर धरून, दादाची बाजू घ्यायची म्हणून ‘खरंच की’ म्हणत.

आई जाऊन आता सोळा वर्षं झाली. ती दवाखान्यात होती तेव्हा तो दुसऱ्या गावात नोकरीला होता. दादा एक दिवसाआड फोन करून ‘ठीक आहे’ म्हणायचा, आणि शब्दांच्या मधलं ऐकू येतं असं ज्याच्याविषयी लिहून आलं होतं त्या कवीला त्या ‘ठीक आहे’च्या मधलं काही ऐकू आलं नव्हतं. मग एके सकाळी ‘ये’ एवढाच फोन आला. तो दुपारी पोचला. आई त्याच्याकडे बघत होती, पण बोलत नव्हती. दादा उठून खाली औषध आणायला गेला, आणि त्या अर्ध्या तासातच सगळं आटोपलं. पुढे वर्षभराने त्याने कविता लिहिली, चौदा ओळींची, आणि तिच्या शेवटी होतं की तुझ्या उशाशी मी एकटाच होतो. ओळ काही खोटी नव्हती. त्या अर्ध्या तासापुरती ती तंतोतंत खरी होती. पण तीच कविता गाजली, तिलाच बक्षीस मिळालं, आणि होता होता ती शाळेच्या पुस्तकात लागली, तीही नेमकी पुतणी सातवीत असताना. ‘कवी आईजवळ एकटा का होता?’ असा दोन गुणांचा प्रश्न होता. पुतणीने बाबांना विचारलं. दादाने थोडा विचार करून सांगितलं, “लिही, बाबा औषध आणायला गेले होते.” तिने तसंच लिहिलं. बाईंनी दोन्ही गुण कापले आणि समासात शेरा मारला, ‘कल्पना करू नये.’

त्या संध्याकाळी दादा उत्तरपत्रिका घेऊन त्याच्याकडे आला होता. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पुस्तकातली कविता उघडली आणि त्याच्याच दुकानातल्या गिऱ्हाइकासारखं बोट ओळीखाली धरून विचारलं, “यात मी कुठे आहे?” आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “कवितेत एकच माणूस मावतो रे दादा.” हे वाक्य त्याने एका परिसंवादात टाळ्या घेऊन आधी वापरलेलं होतं, म्हणून इतकं चटकन आलं. दादाने मान डोलावली. “मग दोन मावतील असलं काहीतरी लिही की,” तो म्हणाला, उत्तरपत्रिकेची घडी घातली, पाठची कोरी बाजू बाहेर ठेवून खिशात टाकली, आणि निघून गेला. तेव्हापासून दोघं भेटत होते, बोलत होते, एकमेकांच्या आजारपणाला धावून जात होते. पण आईचा विषय निघाला की दादा उठून नळ नीट बंद आहे का ते बघायला जायचा. नळ बंदच असायचा.

म्हणून कथा. म्हणून अकरा वर्षं. जन्मभर चौदा ओळींत माणूस जिवंत करणाऱ्या ह्या गृहस्थाला एका माणसाला खुर्चीतून उठवून दारापर्यंत नेताना नाकी नऊ आले. ‘म्हणाला’ ह्या शब्दाची त्याला शिसारी येई; पानभर संवादात अकरा वेळा ‘म्हणाला’ म्हणजे भाषा आहे की पोपट? आणि तो जिना! दादाला फक्त दवाखान्याचा जिना उतरून औषधाच्या दुकानात जायचं होतं. पण चौथ्या पायरीवर त्याला एक कवडसा दिसला, आणि त्या कवडशात दादा सात महिने अडकून पडला. शेवटी त्याने कादंबरीकाराचे पाय धरले. कादंबरीकार हा त्याचा तीस वर्षांचा मित्र, धिप्पाड, घामट, पाचपाचशे पानांची पुस्तकं विटांसारखी रचणारा. त्याने कागद वाचला, रुमालाने मान पुसली. “अरे, लिही ना, ‘तो खाली गेला’. संपलं.” “इतकं उघड?” “मग काय, माणूस खाली जाताना पडदा धरायचा का?” कादंबरीकाराचं ठाम मत होतं की कवींना कथा लिहिता येत नाही, कारण त्यांचा माणूस काही करायच्या आधीच त्याविषयी हळवा होतो. ह्याचंही तितकंच ठाम मत होतं की कादंबरीकारांना कविता लिहिता येत नाही, कारण ते चिमणीचासुद्धा मागच्या तीन पिढ्यांचा इतिहास सांगतात. हा वाद संपादकबाईंच्या टेबलावर इतक्यांदा रंगला की शेवटी वैतागून त्यांनीच फर्मान काढलं, ‘एक अंक अदलाबदलीचा काढू. तुम्ही कथा द्या, तुम्ही कविता द्या, आणि माझा चहा संपवणं बंद करा.’

म्हणून त्याने दुकान उघडल्या उघडल्या पहिला फोन संपादकबाईंना लावला. बाई आधीच रडकुंडीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, मांडणीवाली आमची बावीस वर्षांची जुनी. मजकूर ती वाचतच नाही, नाव बघते. तुमचं नाव दिसलं, तिने सवयीने उजवी बाजू सोडली. त्यांचं नाव दिसलं, तिने सवयीने सगळं सलग भरलं.” म्हणजे कादंबरीकाराची कविताही? त्याने पान बहात्तर काढलं. कादंबरीकाराने सहा महिने छातीशी धरून लिहिलेली कविता एका चौकोनी परिच्छेदात शेजारीशेजारी कोंबलेली होती. त्याला हसू आलं आणि लगेच आपल्या हसण्याची लाज वाटली. “पण ऐका ना,” बाई आवाज बारीक करून म्हणाल्या, “सकाळपासून चार फोन आले. तुमची आजवरची सर्वांत धीट कविता म्हणतायत. कथा आहे हे सांगायचा मला धीरच झाला नाही. आणि त्यांचं ते पान, लोक म्हणतात, यांनी इतकं आटोपशीर गद्य आजपर्यंत लिहिलं नव्हतं.” पुढच्या अंकात शुद्धिपत्रक देऊ, असं त्या म्हणाल्या, मजकूर तेवढा तुम्हीच सांगा. त्याने काउंटरवरच्या कागदावर लिहून पाहिलं, ‘पान सत्तेचाळीसवरील कविता ही कथा समजून वाचावी.’ वाचून त्याचं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात कादंबरीकाराचा फोन आला. तो चिडला असेल असं वाटत होतं, पण स्वारी खुशीत होती. “मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “शुद्धिपत्रक कशाला हवंय?”

दुपारी त्याने हिय्या करून दादाच्या घरी फोन लावला. वहिनीने उचलला. “आलं का मासिक?” त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. “सकाळीच आलं. गॅलरीत घेऊन बसलेत. जेवायलासुद्धा उठले नाहीत.” “काही म्हणाला?” “मला कशाला काय म्हणतायत? पेन्सिल कुठे ठेवली म्हणून मघापासून घर डोक्यावर घेतलंय.” पेन्सिल! त्याच्या डोळ्यांसमोर ती सातवीची उत्तरपत्रिका आली. दादा खोडतोय. बारा पानांवर आडव्या रेघा मारतोय, जाड, कागद फाटेल अशा. “मी येऊ का?” त्याने विचारलं. वहिनी आत गेली, परत आली. “नको म्हणतात. काम चाललंय म्हणे.”

मग सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही गेला. दुकानात येणारी माणसं तक्त्यासमोर बसत आणि वरून खाली वाचत जात, मोठी अक्षरं, मग लहान, मग त्याहून लहान, आणि त्याला प्रत्येकाची ओळ तुटताना ऐकू येई. एका म्हाताऱ्या बाईंच्या जुन्या चष्म्याला त्याने उजवी काच डावीकडे बसवली आणि बाई ‘फरक पडला हो’ म्हणत आनंदाने गेल्यासुद्धा. त्यांना जिन्यातून परत बोलवावं लागलं. रस्त्यात भेटलेल्या एका समीक्षकाने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “तो एकटा ‘आणि’! माणसाचं सगळं एकटेपण त्यात आलं.” त्याने आभार मानले. दुसरं काय करणार? पण आतून त्याला कळत होतं की आपल्याला ह्या समीक्षकाचं सोयरसुतक नाही, चार फोनांचं नाही, कवींना कथा जमते की नाही ह्याचंही नाही. आपण साठीला आलो आहोत, दादा अडुसष्टाचा आहे, आणि आपण त्याला पुन्हा एकदा सांगितलं आहे की यात एकच माणूस मावतो. या वेळी सांगून, पत्र पाठवून, बारा पानं.

गुरुवारी सकाळी दुकानाचं दार ढकलून दादा आत आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मासिक, दोरा बांधलेलं. “नंबर काढ,” तो म्हणाला. “बारीक लिहायला बसलो तर सगळं पुसट दिसतंय.” आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन खुर्चीत बसला. त्याने दादाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली, डाव्या डोळ्यावर काळी काच घातली. इतक्या जवळून दादाचा चेहरा त्याने कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. दादाचे कान मोठे झाले होते. “दादा, ते छापताना चुकलं,” तो म्हणाला. “ती कथाच होती, शपथ. मांडणीवालीने...” “वाच ना आता,” दादा तक्त्याकडेच बघत म्हणाला आणि मांडीवरचं पुडकं मागे सरकवलं. “तोवर मी हे वाचतो.”

त्याने दोरा सोडला. तक्त्याच्या दिव्याचा उजेड जेमतेम पुरत होता. खोडलेलं काहीच नव्हतं. डावीकडे त्याच्या ओळी जशाच्या तशा होत्या, आणि उजवीकडे, बाराच्या बारा पानांवर, कोरी म्हणून जेवढी जागा होती तेवढी सगळी दादाने बारीक, ताठ, यादीच्या अक्षरांनी भरून काढली होती. जिथे त्याने लिहिलं होतं, दादा खिडकीशी बसून होता एकोणीस दिवस, तिथे शेजारी होतं, ‘बावीस.’ जिथे पंखा थकल्यासारखा फिरत होता, तिथे होतं, ‘पंखा बंद होता. दोनदा तक्रार केली.’ चौथ्या पायरीवरच्या कवडशापुढे होतं, ‘जिना उत्तरेचा. ऊन येत नाही.’ आणि त्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेलं, ‘एकदा आलं होतं. तुला कसं माहीत?’ एकट्या ‘आणि’च्या समोर सबंध ओळभर होतं, ‘आणि पिशवी नव्हती, औषध हातात आणलं, बाटली गरम लागली.’ तो हसत होता. दादा तक्त्यावरची अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचत होता, चुकलं तर स्वतःच ‘नाही, थांब’ म्हणत होता, आणि तो हसत पानं उलटत होता. आई सहाव्या दिवशी कशावर चिडली, नवव्या दिवशी कशी शेजारच्या खाटेवरच्या बाईशी भांडली आणि मग तिचीच वेणी घालून दिली, सगळं होतं. त्याच्या बारा पानांत जी बाई उशीवर डोळे मिटून पडली होती, ती उजवीकडे उठून बसली होती, बोलत होती.

मग शेवटचं पान आलं. डावीकडे, मी पोचलो तेव्हा तिचं बोलणं थांबलं होतं. उजवीकडे अक्षर आणखी बारीक झालं होतं. ‘पंधराव्या दिवशी म्हणाली, छोट्याला बोलाव. मी हो म्हणालो. बोलावलं नाही. रोज विचारायची, मी येतोय म्हणायचो. मला वाटलं, इतके दिवस मी आहे, तर मी पुरे नाही का. एकविसाव्या दिवशी बोलायची थांबली तेव्हा घाबरलो. तुला उशीर झाला नव्हता. मी केला. हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे जागा होती म्हणून लिहिलं.’

त्याला राग आला. खरा राग, कानशिलं तापावीत असा. सोळा वर्षं तो स्वतःला उशिरा पोचलेला मुलगा म्हणून ओळखत होता. त्याच्या निम्म्या कविता त्या उशिरातून आल्या होत्या, बक्षीस त्यातून आलं होतं, झोपा त्यातून उडाल्या होत्या, आणि हा माणूस मूग गिळून नळ बंद करत फिरत होता. आता ओरडावं, फ्रेम काढून घ्यावी, बाहेर जावं. पण समोर दादा एक डोळा झाकलेला, दुसरा ताणून, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि अक्षरं कधीच वाचून संपली होती. तो नुसता बसला होता. पाठ ताठ, श्वास धरून, सातवीच्या निकालाची वाट बघत बसलेल्या पोरीसारखा. बावीस दिवस हा असाच बसला असेल त्या खिडकीशी, त्याच्या मनात आलं, आणि ‘मी पुरे नाही का’ हे ह्याने आज पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं आहे. त्याचा राग गेला नाही, पण त्या रागाशेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं, जरा सरक म्हणून. त्याने डोळे बाहीला पुसले, पेटीतून एक काच उचलली आणि दादाच्या फ्रेममध्ये सरकवली.

“हे बरं दिसतंय, की आधीचं?”

“हे,” दादा म्हणाला. धाकट्याने तो नंबर कागदावर टिपून घेतला. “पुरे होतास,” तो मागून म्हणाला. “पण मला बोलवायला हवं होतंस.” “हो,” दादा म्हणाला. “हवं होतं.” आणि नेहमीसारखा नळ बघायला उठला नाही, खोलीत नळ नव्हता हेही खरंच. मग नाकावरची फ्रेम सावरत दादाने विचारलं, “हे असं दोघांनी मिळून लिहिलेलं असतं, त्याला काय म्हणतात तुमच्यात? कविता की कथा?” धाकट्याच्या तोंडात या वेळी परिसंवादातलंसुद्धा एकही वाक्य आलं नाही.

तेवढ्यात बाहेर काउंटरवरचा फोन वाजला. संपादकबाई होत्या. शुद्धिपत्रकासाठी पान अडलंय, काय छापू, कविता ही कथा समजावी असंच लिहू ना? “त्याला हात लावू नका,” तो म्हणाला. “फक्त एवढंच छापा, पान सत्तेचाळीसवर एकोणीसऐवजी बावीस वाचावे.” “एवढंच?” बाईंचा विश्वास बसेना. “एवढंच.” आतून, अंधारातून, ती गोल फ्रेम नाकावर तशीच असलेला दादा ओरडून म्हणाला, “अक्षरात छापा म्हणावं! आकडे चुकतात!”